उसाचा भाव आणि जिनिव्हाचा निकाल



गाळप हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात दोन प्रश्न ठरलेले असतात. "तोड कधी येणार?" आणि "पहिली उचल किती बसणार?" मध्यंतरी मात्र एका वयोवृद्ध सभासदाने तिसराच प्रश्न विचारला. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचे जपून ठेवलेले कात्रण होते. म्हणाले, "साहेब, आमच्या उसाला सरकार फार मदत देतंय म्हणून परदेशातल्या कोर्टानं आपल्या विरुद्ध निकाल दिलाय, असं ह्यात छापलंय. आम्हाला तर सरकारनं उसापायी रुपया दिला नाही. बिल कारखान्यानं काढलं, तेही सोसायटीचं कर्ज कापून! मग ही मदत गेली कुठं?"

प्रश्न सडेतोड होता आणि उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. विषय आंतरराष्ट्रीय कायद्याचा असला तरी तो थेट आपल्या ऊसबिलापर्यंत येतो. म्हणून जरा विस्ताराने मांडतो.

भावाची तीन घरे

उसाचा भाव आज तीन घरांत ठरतो, असे म्हटले तरी चालेल.

पहिले घर आपला कारखाना. आपल्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला व १९५० मध्ये पहिले गाळप झाले. शेतकऱ्याने आपल्या उसाची साखर आपणच करावी आणि तिचा नफा उसाच्या भावातून आपल्याच पदरात पडावा, हा त्यातला मूळ विचार.

दुसरे घर दिल्ली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा किमान भाव जाहीर करते. पूर्वी त्याला वैधानिक किमान भाव म्हणत. २००९ पासून तो रास्त व किफायतशीर दर झाला. आपण सगळे त्याला एफआरपी म्हणतो. कृषी मूल्य आयोगाची शिफारस येते, केंद्र दर ठरवते आणि ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत तो देण्याचे बंधन कारखान्यावर असते. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याजाची तरतूद आहे.

तिसरे घर जिनिव्हा. हे स्वित्झर्लंडमधील शहर. १ जानेवारी १९९५ पासून तेथे जागतिक व्यापार संघटनेचे काम चालते आणि भारत पहिल्या दिवसापासून तिचा सभासद आहे. आपल्या कारखान्याला जशी पोटनियमांची चौकट, तशी या संघटनेला करारांची. त्यांत एक शेती करार आहे. सरकारने शेतमालाला किती आधार द्यावा आणि माल परदेशी पाठवायला कोणती मदत देऊ नये, हे त्यात लिहिले आहे. कारखान्याचा सभासद झाल्यावर पोटनियम मला लागू नाहीत असे म्हणता येत नाही. देशांचेही तसेच.

तक्रार का झाली?

२०१७-१८ आणि २०१८-१९ हे दोन हंगाम आठवा. साखर उदंड झाली. २०१८-१९ मध्ये देशाचे उत्पादन ३३० लाख टनांच्या घरात गेले. देशाची गरज साधारण अडीचशे-दोनशे साठ लाख टनांची. गोदामे भरली, साखर उठेना, ऊसबिले थकली. सरकारने २०१८ च्या जूनमध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवला, पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला.

जगाच्या बाजारात तर त्याहून वाईट अवस्था होती. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला दहा सेंटच्या आसपास आला. आपल्या हिशेबाने किलोला सोळा रुपयांच्या आतबाहेर. देशात २९ रुपये आणि बाहेर १६. मग कोणता कारखाना आपण होऊन साखर बाहेर पाठवील? म्हणून केंद्राने कारखान्यांना ५० लाख टन निर्यातीचा कोटा वाटून दिला आणि तो पुरा करणाऱ्यास गाळलेल्या उसाच्या टनामागे १३८ रुपये ८० पैसे मदत ठरवली. जहाजापर्यंतच्या वाहतुकीलाही मदत दिली. हे पैसे थकीत ऊसबिलासाठी होते, कारखान्याच्या चैनीसाठी नव्हते, हे आपल्याला ठाऊक आहे.

पण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा ऊस उत्पादकही शेतकरीच. तिथली बहुतेक साखर निर्यात होते. जगाचा भाव पडला की त्याचे बिल पडते. भारत पडत्या बाजारात मदतीच्या जोरावर साखर ओततो आणि आमचा भाव आणखी पाडतो, असे त्याचे म्हणणे. ब्राझील तर जगातला सर्वांत मोठा साखर निर्यातदार. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताविरुद्ध जिनिव्हात तक्रारी दाखल केल्या. त्या ऐकण्यासाठी निवाडा मंडळ नेमले गेले आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. निकाल भारताविरुद्ध गेला.

मदतीचा हिशेब कसा केला?

आता वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे येऊ. सरकारने रुपया दिला नाही, मग मदत कुठली?

शेती कराराचा हिशेब असा आहे. सरकारने जाहीर केलेला भाव घ्यायचा. त्यातून एक ठरीव जुना भाव वजा करायचा. जो फरक उरेल त्याला त्या भावास पात्र असलेल्या मालाच्या टनांनी गुणायचे. आलेली रक्कम ही सरकारची मदत! ती विकसनशील देशात त्या पिकाच्या एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. पुढारलेल्या देशांना ही सूट पाच टक्के आहे.

यातली खरी मेख जुन्या भावात आहे. तो १९८६ ते १९८८ या वर्षांचा धरलेला आहे, कारण कराराची बोलणी त्या काळात चालू होती. भारताच्या उसासाठी तो टनाला सुमारे १५६ रुपये. त्या काळी केंद्राचा किमान भावसुद्धा क्विंटलला सतरा-अठरा रुपयांच्या घरात होता. पुढे सगळे बदलले, पण हिशेबातला तो आकडा गोठून राहिला.

समजण्यापुरते एक टन उसाचे गणित करू. २०१८-१९ ची एफआरपी दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये, म्हणजे टनाला २,७५०. त्यातून १५६ गेले, राहिले २,५९४. म्हणजे टनामागे २,५९४ रुपये सरकारी मदत! आणि मुभा किती? दहा टक्के, म्हणजे २७५ रुपये. मंडळाचा हिशेब साऱ्या देशाचा आणि बराच गुंतागुंतीचा आहे; उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणासारख्या राज्यांचे वेगळे ऊसदरही त्यात आले. पण रीत हीच. २०१४-१५ ते २०१८-१९ अशा सलग पाच हंगामांत भारताने दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली, असे मंडळाने ठरवले.

भारताने आपल्या सभासदाचेच म्हणणे मांडले होते. एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात. तिजोरीतून काही जात नाही, सरकार ऊस खरेदीही करीत नाही, मग ही सरकारी मदत कशी? मंडळाला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे की पैसा कोणाच्या खिशातून जातो हा प्रश्न नाही. भाव सरकारने कायद्याने ठरवला आणि तो देणे भाग पाडले, एवढे पुरे आहे. तेव्हा सभासद म्हणाले ते खरे आहे. तिजोरीतून पैसा आला नाही. पण कराराच्या भाषेत मदत म्हणजे केवळ तिजोरीतला पैसा नव्हे, कायद्याने उचलून धरलेला भावसुद्धा मदतच ठरतो.

भात-गव्हाचे काय, असे कोणी विचारील. त्यांनाही सरकारी भाव आहेच. परंतु अन्नसुरक्षेसाठी सरकार जे धान्य विकत घेऊन साठवते, त्याला २०१३ साली बाली येथील परिषदेत तात्पुरते संरक्षण मिळाले. ऊस सरकार विकत घेत नाही आणि गोदामात ठेवत नाही. त्यामुळे ते छत्र उसाच्या डोक्यावर नाही.

दुसऱ्या बाजूला एक गोष्ट मनाला लागते. करार झाला तेव्हा जे देश आधीपासून शेतीला भरमसाट अनुदान देत होते, त्यांना ती रक्कम थोडी कमी करून पुढेही चालू ठेवण्याची मर्यादा मिळाली. अमेरिकेला वर्षाला १९ अब्ज डॉलरपेक्षा थोडी जास्त. भारताच्या नावावर अशी रकमेची मर्यादा नाही. आपल्याला फक्त दहा टक्क्यांची सूट. ज्याने आधी जास्त उचलले त्याला जास्त मुभा, आणि ज्याने हात आखडता घेतला त्याला थोडी. भारत हे गाऱ्हाणे अनेक वर्षे मांडत आला आहे आणि ते रास्त आहे. पण करारावर सही आपलीही आहे, हेही विसरून चालणार नाही.

निर्यात मदतीचा मुद्दा

मंडळाचा दुसरा निष्कर्ष अधिक सरळ आहे. निर्यात केली तरच मिळणारी मदत कराराला मान्य नाही. साखरेसाठी अशी मदत देण्याचा हक्क भारताने आपल्या यादीत राखून ठेवलेला नव्हता. त्यातच २०१५ च्या डिसेंबरात नैरोबीला सर्व देशांनी ठरवले होते की विकसनशील देशांनीही निर्यात अनुदाने २०१८ अखेर बंद करावीत. माल हाताळणी व वाहतुकीच्या खर्चापुरती सवलत तेवढी २०२३ अखेरपर्यंत ठेवली होती. २०१९-२० मध्ये सरकारने टनाला १०,४४८ रुपये निर्यात मदत जाहीर केली, ती याच खर्चाच्या नावाने. पुढल्या हंगामात ती ६,००० आणि नंतर ४,००० झाली. २०२१-२२ पासून थांबली. २०२३ संपले तशी ती वाटही बंद झाली.

निकाल अडला कोठे?

निकाल लागला, मग अंमल का नाही? इथे एक अजब प्रकार आहे. खालच्या मंडळाच्या निकालावर या संघटनेत अपील करता येते. अपील मंडळात सात जण असतात आणि एका प्रकरणाला तिघे लागतात. अमेरिकेने या मंडळावर नव्या नेमणुका होऊ दिल्या नाहीत. मुदत संपेल तसा एकेक सदस्य गेला. ११ डिसेंबर २०१९ पासून तिघेही उरले नाहीत आणि नोव्हेंबर २०२० अखेर शेवटचा सदस्यही गेला. भारताने डिसेंबर २०२१ च्या अखेरीस अपील दाखल केले, तेव्हा ते ऐकायला तिथे एकही खुर्ची भरलेली नव्हती.

अपील चालू आहे तोवर खालचा निकाल स्वीकारला जात नाही आणि स्वीकारला गेला नाही तोवर तो बंधनकारक होत नाही. निर्यात मदत १२० दिवसांत मागे घ्यावी असे मंडळाने सुचवले होते, पण ते दिवस निकाल स्वीकारल्यापासून मोजायचे. थोडक्यात, दावा हरलो, अपील लागले, पण कोर्टात न्यायाधीश नाही. आपल्या पथ्यावर पडले असे वाटेल. पण उद्या दुसऱ्या देशाने आपल्यावर अन्याय केला आणि आपण दावा जिंकलो, तर तोही देश असेच रिकाम्या कोर्टात अपील टाकून स्वस्थ बसेल. छोट्यांना कायद्याचा आधार मोठ्यांपेक्षा जास्त लागतो, हे सहकारातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आपल्या बिलावर काय परिणाम?

पहिली गोष्ट, घाबरण्याचे कारण नाही. जिनिव्हातून कोणी येऊन एफआरपी रद्द करू शकत नाही. ती भारताच्या कायद्याने आहे आणि फक्त भारत सरकार बदलू शकते. या निकालानंतर ती कमी झाली नाही, वाढतच गेली. २०२१-२२ ला क्विंटलला २९० रुपये होती, २०२४-२५ ला ३४० आणि २०२५-२६ ला ३५५, अर्थात उताऱ्याचा पाया मधल्या काळात दहावरून सव्वादहा टक्क्यांवर गेला आहे. कारखान्याला दंडही होत नाही. निकाल बंधनकारक होऊनही एखादा देश वागला नाही, तर तक्रार करणाऱ्यास नुकसानीएवढी जकात त्या देशाच्या मालावर वाढवता येते. तो माल साखरच असेल असे नाही. उसाच्या भांडणाचा फटका एखाद्या कापडाच्या किंवा औषधाच्या कारखान्याला बसू शकतो. त्यामुळे पुढे दिल्लीवर दबाव येईल तो फक्त परदेशातूनच येईल असे नाही.

दुसरी गोष्ट मात्र मनावर घेण्याची आहे. साखर जास्त झाली की सरकार निर्यातीला पैसे देईल, ही जुनी सवय आता सोडली पाहिजे. जगात भाव चांगला असेल तर मदतीशिवायही साखर जाते. २०२१-२२ मध्ये सुमारे ११० लाख टन साखर अनुदान नसतानाच बाहेर गेली. पण भाव पडला तर पूर्वीचा टेकू नाही. आणि सगळा दोष जिनिव्हाच्या माथी मारूनही भागणार नाही. २०२२ च्या जूनपासून आपल्याच सरकारने ग्राहकाला साखर महाग पडू नये म्हणून निर्यातीवर बंधन घातले. २०२३-२४ च्या हंगामात दार बंदच राहिले. पुढे २०२५ च्या जानेवारीत दहा लाख टनांची व २०२५-२६ च्या हंगामासाठी पंधरा लाख टनांची परवानगी दिली. एका दाराची किल्ली जिनिव्हात असली तर दुसऱ्याची दिल्लीत आहे.

युरोपने काय केले?

अशी वेळ पूर्वी युरोपवर आली होती. तिथे बीटापासून साखर करतात. २००२ साली ब्राझील व ऑस्ट्रेलिया यांनी आणि २००३ मध्ये थायलंडने युरोपच्या साखर निर्यातीविरुद्ध तक्रार केली. तेव्हा अपील मंडळ जागेवर होते. २००५ मध्ये अंतिम निकाल युरोपविरुद्ध गेला. २००६ पासून युरोपने साखरेचा आधारभाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला. अनेक कारखाने बंद पडले. आयर्लंडमध्ये तर मॅलो येथील शेवटचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि त्या देशातली साखर निर्मितीच संपली. पण एक गोष्ट त्यांनी केली. कोटा सोडणाऱ्या कारखान्यांना आणि बीट उत्पादकांना भरपाईसाठी आधीच निधी उभा केला. बदल लादला, तसा त्याचा खर्चही उचलला. उद्या आपल्याकडे ऊसदराची रीत बदलण्याची वेळ आली, तर "आधी भरपाई, मग बदल" ही मागणी करायला हा दाखला उपयोगी पडेल.

सभासदांनी काय ध्यानात घ्यावे?

एक. कोणती मदत मोजली जाते आणि कोणती जात नाही, हा फरक ओळखा. संशोधन, कृषी सल्ला, रोग-कीड नियंत्रण, पाटपाण्याची कामे यांवर सरकारने केलेला खर्च मर्यादेत धरत नाहीत. पिकाशी न जोडलेली थेट रक्कमही नियम पाळून देता येते. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर सरकारने दुप्पट पैसा घातला तरी ब्राझीलला तक्रार करता येणार नाही. कालव्याची गळती थांबवली तरीही नाही. लहान गरीब शेतकऱ्याला ठिबकासाठी मदत देण्यासही विकसनशील देशांना वेगळी मुभा आहे. तेव्हा मागणीपत्रात भावाबरोबर या गोष्टीही आल्या पाहिजेत.

दोन. भाव ठरवण्याच्या दुसऱ्या रीतीवर चर्चा चालू आहे, ती समजून घ्या. २०१२ साली रंगराजन समितीने सुचवले की साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. महाराष्ट्राने २०१३ मध्ये तसा कायदाही केला. एफआरपी मात्र तळाचा भाव म्हणून कायम राहिली. उद्या कोणी म्हणाले की एफआरपी काढा आणि नुसता वाटा ठेवा, म्हणजे जिनिव्हाचा त्रास मिटेल, तर लगेच मान डोलावू नका. वाट्यात साखरेचा भाव पडला की आपला भावही पडतो. तळ काढायचा असेल तर त्या जागी काय येणार, हे आधी लिहून घ्या.

तीन. असली भांडणे बोलणी करूनही मिटतात. भारत आणि अमेरिका यांनी जून २०२३ मध्ये आपसांतले सहा दावे आणि सप्टेंबरात सातवा दावा तडजोडीने संपवला. साखरेचा दावाही उद्या असाच मिटू शकतो. तडजोडीत काहीतरी द्यावे लागते. काय द्यायचे ते ठरवणाऱ्यांत ऊस उत्पादकाचा माणूस असला पाहिजे. सहकारी साखर संघांमार्फत आपले म्हणणे आत्ताच गेले तर त्याचा उपयोग. सही झाल्यावर मोर्चा काढून काही हाती लागत नाही.

चार. उताऱ्याचा दहावा अंश आणि एकराचे टनेज यांवर कोणत्याही कराराची मर्यादा नाही. तेवढे तरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आपल्या वडिलांच्या पिढीने भावाचा प्रश्न गावच्या पारावरून कारखान्याच्या वार्षिक सभेत नेला. पुढे तो दिल्लीला गेला. आता तो जिनिव्हापर्यंत पोहोचला आहे. लांब गेला म्हणून तो आपला राहिला नाही असे नाही. कात्रण आणणाऱ्या त्या सभासदाला जाताना एवढेच सांगितले, "तात्या, हे कात्रण फेकू नका. पुढच्या वार्षिक सभेला घेऊन या आणि हाच प्रश्न उभं राहून विचारा."